बारा बोअरचा पॅटर्न कागदावर कसा काढायचा

कऱ्हाड-पाटण पट्ट्यात कुणाच्या घरी जुनी दुनळी निघाली की बोलणं हमखास एका वाक्यावर येतं: "आमची बंदूक लय लांब मारती." किती लांब म्हणून विचारलं तर साठ यार्ड, सत्तर यार्ड, ज्याच्या तोंडाला जे येईल ते. छर्रा लांब जातो हे खरंच आहे. अडीच मिलिमीटरचा शिशाचा छर्रा जवळजवळ दोनशे मीटरवर जाऊन पडतो. पण तिथवर पोचलेल्या छर्ऱ्यात जीव उरलेला नसतो आणि सोबतीलाही कुणी नसतं. बारा बोअरचं, म्हणजे या छर्ऱ्याच्या बंदुकीचं, काम एका छर्ऱ्याचं नाही, घोळक्याचं आहे. ठरावीक अंतरावर त्या घोळक्यातले किती एकत्र राहतात आणि किती सारखे पसरतात, त्यावर बंदुकीची लायकी ठरते. याला पॅटर्न म्हणतात. तो हवेत दिसत नाही, कागदावरच दिसतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. वडिलांच्या मागे परवाना रीतसर माझ्या नावावर झाला, नेमबाजीच्या क्लबात क्ले (हवेत उडवलेल्या, बार लागला की फुटणाऱ्या चकत्या) मारायला जाऊ लागलो आणि कागद, दोरी, स्केचपेन घेऊन भोकं मोजायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. आता ओळखीतलं कुणी नवीन काडतुसं आणली की "मास्तर, रविवारी कागद लावायचा का?" असा फोन येतो. दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, ते इथं एकदाच लिहून टाकतो.

आधी कायद्याचं उरकू. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. पाटण, जावळी, शिराळ्याकडं डुकरं भुईमूग उकरतात, गवे ऊस तुडवतात, हे मीही ऐकतो आणि बघतो. तरी हातात परवान्याची बंदूक आहे एवढ्यावर जनावरावर बार काढता येत नाही. पिकात शिरणाऱ्या डुकरासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. ती अर्ज करून घ्यायची आणि तीत लिहिलं असेल तेवढंच करायचं. गवा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा. "नुसते बारीक छर्रे मारू, पळून जाईल" म्हणून त्याच्या अंगावर बार काढणं हा गुन्हा आहे आणि क्रूरपणाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. त्या हद्दीत बंदूक घेऊन पाऊल टाकायचा विचारही नको.

पॅटर्नचे बारही आपल्या शेतात काढायचे नाहीत. क्लबाची रेंज, मागं छर्रे अडवणारा मातीचा उंच बांध (बट), हजर असलेला रेंज अधिकारी, एवढं असेल तिथंच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे जाता जाता सांगून ठेवतो, कारण आपल्याकडं लग्नसराईत हा किडा वळवळतोच.

दुसरा नेहमीचा प्रश्न काडतूस घरी भरण्याचा. अमेरिकेत, इंग्लंडात हा उघड छंद आहे. तिकडं टोपी (चाप ओढल्यावर ठिणगी देते ती), दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बुच) आणि छर्ऱ्यांचं वजन यांचे जुळवलेले तक्ते छापून मिळतात आणि शहाणा माणूस त्या तक्त्याच्या बाहेर जात नाही. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतूस तयार करायला वेगळा परवाना लागतो. आपल्या कपाटातला परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दारू भरण्याचा नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी "आज्यानं पितळी टरफलं आयुष्यभर भरली, काय झालं?" हा युक्तिवाद टिकत नाही. आजोबा काळी दारू भरत होते, ती मापानं भरायची वस्तू होती. तेच माप धूरविरहित दारूला लावलं तर नळी फुटते आणि नळीवर ठेवलेला डावा हात जातो. तेव्हा माळ्यावरच्या डब्यात जुनी, हातानं भरलेली काडतुसं सापडली तर ती उडवून बघायची नाहीत. पोलीस ठाण्यात कळवून जमा करायची.

पण घरी भरता येत नाही म्हणून हळहळण्यासारखं काही नाही. घरी भरणारा शेवटी शोधतो काय? आपल्या नळीला कुठलं काडतूस जुळतं ते. तेवढं दुकानात मिळणाऱ्या दोन-तीन प्रकारांतूनही शोधता येतं. खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान घ्या, बाहेरून आलेलं क्लेचं काडतूस घ्या, दोन्ही एकाच नळीतून काढा. कागद इतके वेगळे निघतात की बंदूक एकच होती यावर विश्वास बसत नाही.

बंदूक रेंजवर न्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं तो भाग, किती लांबीचा आहे. जुन्या इंग्लिश दुनळ्यांचे चेंबर बहुतेक ६५ मिलिमीटरचे, म्हणजे अडीच इंची. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात निमूट बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते तोंड उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब चढतो. खोक्यावरची लांबी ही उडालेल्या टरफलाची असते. नळीखालचे शिक्के वाचता येत नसतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या. दुसरी, नळी कशाची आहे. नळीवर नागमोडी वेलबुट्टीसारखी नक्षी दिसली तर ती बहुधा दमास्कस नळी, जुन्या काळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. ती भिंतीवर शोभते, तिच्यातून आजचं काडतूस काढायचं नाही. तिसरी, घरात २० बोअरही असेल तर तिची काडतुसं वेगळ्या पिशवीत, शक्यतो वेगळ्या कपाटात. २० बोअरचं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढं अडकतं, नळी रिकामी वाटते, माणूस मागून १२ बोअरचं भरतो आणि चाप ओढतो. जगभर २० बोअरची टरफलं पिवळी करतात ती याच अपघाताच्या भीतीनं.

आता कागद. ब्राऊन पेपरचा मोठा रोल आणायचा, वह्यांना कव्हर घालतो तो. दोन पट्ट्या खळीनं जोडून साधारण सव्वा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन करायचा. लहान कागद लावून लोक फसतात, अर्धे छर्रे बाहेरून जातात आणि "छर्रे कमी भरलेत" म्हणून कारखान्याला शिव्या. वर्तमानपत्र नको, छापील अक्षरांत भोकं हरवतात. निवडणुकीनंतर फुकट मिळणारा फ्लेक्सही नको, तो ताणला जातो आणि भोक मिटतं. चौकट बांबूची किंवा सुरूच्या काठ्यांची करा, सुतळीनं बांधा. लोखंडी पत्र्यावर कागद चिकटवायची कल्पना दर वेळी कुणाला तरी सुचते. पत्र्यावरून छर्रे उलटे येतात, त्यामुळे ती तिथंच सोडून द्यायची.

कागदाच्या मधोमध हाताच्या पंज्याएवढा काळा ठिपका काढायचा, नेम धरायला. वर्तुळ मात्र आधी काढायचं नाही. ते बार झाल्यावर काढायचं असतं, आणि का ते पुढं येईल. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवायचं: तारीख, उजवी नळी की डावी, काडतुसाचं नाव, छर्ऱ्याचा आकार, वजन, खोक्यावरचा लॉट नंबर, अंतर, वारा. बार झाल्यावर लिहू म्हणणाऱ्याच्या हातात दुपारी एकसारख्या भोकांच्या कागदांची चळत असते आणि कुठला कुठल्या नळीचा ते देवाला माहीत.

अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. जगभर चोकचं, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या आवळ्याचं, मोजमाप ४० यार्डांवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात करतात. आपल्या मापात ३६.६ मीटर आणि ७६ सेंटीमीटर. एकूण छर्ऱ्यांपैकी किती टक्के त्या वर्तुळात आले, तो त्या नळीचा आकडा. सिलिंडर म्हणजे चोक नसलेली नळी ४० टक्के देते, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५०, हाफ चोक ६०, थ्री-क्वार्टर ६५ आणि फुल चोक ७०. हा आवळा किंचितच असतो. किंचित म्हणजे किती, तर बारा बोअरच्या साडेअठरा मिलिमीटर नळीत फुल चोकचा आवळा जेमतेम एक मिलिमीटरचा. हाफ चोकचा त्याच्या निम्मा. तेवढ्यावर सगळा खेळ.

दुनळीत पुढचा चाप बहुधा उजव्या नळीचा आणि ती मोकळी, मागचा चाप डाव्या नळीचा आणि ती आवळलेली. पण "बहुधा". मधल्या मालकानं कुणाकडून तरी नळीचं तोंड कापून घेतलेलं असतं, चोक घासून घेतलेला असतो, आणि शिक्का मात्र जुनाच. म्हणून दोन्ही नळ्यांचे कागद वेगळे.

बार काढताना कानात प्लग, डोळ्यांवर चष्मा, बघणारे सगळे मागं. एका कागदावर एकच बार. खांद्याला लावून उभं राहून काढा किंवा वाळूच्या पिशवीवर हात टेकवून काढा, पण नळीच पिशवीवर टेकवू नका, ती उसळते. कागद बदलायला जाताना बंदूक मोडलेली, म्हणजे बिजागरीवर उघडलेली, दोन्ही चेंबर रिकामे, सगळ्यांना दिसतील असे. मी एकदा "कागदाकडे" असं मोठ्यानं ओरडतो आणि सगळ्यांनी बंदुका मोडल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तरुण पोरं हसतात. हसू देत.

आवाज ओळखायला शिका. नेहमीचा ठाम "धाड" ऐवजी "फुस्स" किंवा दबका आवाज आला, धक्का कमी बसला, तर पुढचा बार तिथंच थांबवायचा. बंदूक मोडायची, काडतुसं काढायची आणि मागच्या बाजूनं नळीतून उजेड बघायचा. वॅड नळीत अडकलेला असू शकतो, त्यावर दुसरा बार म्हणजे फुटलेली नळी. आणि चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी बटाकडं तशीच धरून अर्धा मिनिट थांबायचं, टोपी कधी कधी उशिरा पेटते. अर्धा मिनिट फार वाटतं. तरी मोजायचं.

प्रत्येक नळीला, प्रत्येक काडतुसाला निदान पाच कागद. इथं लोक कुरकुरतात, काडतूस काय फुकट मिळतं का? मिळत नाही. पण एक कागद म्हणजे कानावर आलेली गोष्ट. समजा काडतुसात ३०० छर्रे आहेत आणि नळी खरोखर ६० टक्क्यांची आहे, तर सरासरी १८० वर्तुळात यायला हवेत. प्रत्यक्षात एका कागदावर १७० येतील, दुसऱ्यावर १९२, काहीही न बदलता. हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे, काडतुसाचा दोष नाही आणि नेमबाजाचाही. पहिल्या कागदावर १९२ बघून "हेच काडतूस" म्हणून तीन खोके उचलणारा माणूस पुढच्या महिन्यात "आता माल बिघडला" म्हणतो.

मोजणी हा माझा प्रांत, म्हणून जरा रेंगाळतो. कागद सतरंजीवर किंवा गुळगुळीत फरशीवर पसरा. आधी लांबून बघा, डोळे थोडे बारीक करून, चित्र लांबून बघतात तसे. सगळ्यात दाट कुठं आहे ते दिसेल. तो मध्य. तिथं टाचणी धरा, ३८ सेंटीमीटर दोरीनं वर्तुळ काढा. काळा ठिपका वर्तुळाच्या मध्याशी जुळला नाही तरी चालेल, घोळका कुठं गेला आणि किती दाट आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी वर्तुळ छापून आणलं तर ते दोन्ही एकमेकांत मिसळतात. मग आत २७ सेंटीमीटर त्रिज्येचं दुसरं वर्तुळ. हा आकडा मुद्दाम असा घेतलाय की आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि बाहेरच्या कड्याचं क्षेत्रफळ सारखं होतं. आता एक आडवी, एक उभी रेघ. चार पाव झाले. प्रत्येक पावाला वेगळ्या रंगाचं स्केचपेन, आणि मोजलेल्या प्रत्येक भोकाभोवती छोटा गोल. नुसतं बोटानं मोजलं तर चाळीसच्या पुढं गेल्यावर कोणतं मोजलं ते कळत नाही. दहा-दहाचे गठ्ठे काठावर उभ्या रेघांनी लिहा. शेवटी आतलं, बाहेरचं आणि एकूण.

काडतुसात मुळात किती छर्रे होते ते काढायला काडतूस फोडायचं नाही. दारू आणि टोपी असलेली वस्तू स्वयंपाकघरातल्या सुरीनं कापणारे मी बघितलेत. गणित सोपं आहे. खोक्यावर छर्ऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. त्याचा घन करा, ०.००५८ नं गुणा, एका छर्ऱ्याचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. क्लेच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, २.४ मिलिमीटरचे. २.४ चा घन १३.८२, गुणिले ०.००५८ म्हणजे ०.०८ ग्रॅम. चोवीसला ०.०८ नं भागलं की ३००. झालं. आणि व्यासच बघा, नुसता नंबर नको. ब्रिटिश पद्धतीचा ६ नंबर २.६ मिलिमीटरचा, अमेरिकन ६ नंबर २.८ चा. दोन खोक्यांवर "६" बघून एकच माल समजला की टक्केवारी सगळी चुकते.

आता ३०० पैकी १८० वर्तुळात आले असं धरू. वर्तुळ सुमारे ४,५०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर २५ चौरस सेंटीमीटरला एक छर्रा. क्ले ११ सेंटीमीटर व्यासाची, तोंड दाखवत आली तर ९५ चौरस सेंटीमीटर, तिला जवळजवळ चार छर्रे लागतात आणि तिचा चुराडा होतो. तीच क्ले कडेनं दिसली तर फक्त अडीच सेंटीमीटर जाडीची पट्टी, जास्तीत जास्त पंचवीस-सत्तावीस चौरस सेंटीमीटर. तिच्या वाट्याला एखादाच छर्रा, कधी तोही नाही. "नेम बरोबर होता, तरी फुटली नाही" यातला निम्मा भाग खोटा असतो, पण निम्मा असा खरा असतो.

हे बघायला पुठ्ठ्याची ११ सेंटीमीटरची चकती कापा आणि ती वर्तुळात सरकवत न्या. चकतीखाली तीनपेक्षा कमी भोकं येतात अशा जागा कुठं आहेत ते पेन्सिलीनं खुणावा. पाचही कागदांवर या जागा वेगवेगळ्या ठिकाणी आल्या तर काळजी नाही. एकाच ठिकाणी आल्या तर नळीच्या तोंडाला पोचा किंवा आत काहीतरी चिकटलेलं असण्याची शक्यता धरा. मधोमध रिकामं आणि भोवती कडं असं आलं तर काडतुसाच्या तोंडाकडं बघा. जुन्या पद्धतीत छर्ऱ्यांवर गोल पुठ्ठा ठेवून कड गोल वळवलेली असते. तो पुठ्ठा छर्ऱ्यांच्या वाटेत येतो आणि मध्य विस्कटतो. चांदणीसारखं दुमडलेलं तोंड असलेल्या काडतुसाला हा त्रास नाही.

आतल्या वर्तुळात बाहेरच्या कड्याच्या दुपटीहून जास्त छर्रे असतील तर ती नळी क्लेसाठी मला नको. मध्ये गर्दी, कडेला वाळवंट. टक्केवारी सुंदर दिसते आणि गुण पडत नाहीत. उलट ५५ टक्क्यांची पण सारखी पसरणारी नळी मी डोळे झाकून घेईन. आमच्या क्लबात यावरून वाद आहेत आणि ते राहतील.

एकाच नळीत दोन काडतुसांचे कागद इतके वेगळे का, तर बरंचसं कारण शिशात आहे. बार उडतो त्या क्षणी मागचे छर्रे पुढच्यांवर आदळून चेपतात. कडेचे नळीला घासून एका बाजूनं सपाट होतात. सपाट छर्रा हवेत सरळ जात नाही, भरकटतो. शिशात अँटिमनी मिसळून कडक केलेले छर्रे कमी चेपतात. प्लास्टिकचा पेला असलेला वॅड छर्ऱ्यांना नळीपासून वाचवतो, नमद्याचा किंवा पुठ्ठ्याचा वॅड वाचवत नाही. म्हणून त्याच नळीतून पेल्याचं काडतूस घट्ट पॅटर्न देतं आणि नमद्याचं मोकळा. "जोरदार" म्हणून विकलं जाणारं जास्त वेगाचं काडतूस बरेचदा पॅटर्न पसरवतं, कारण धक्का जास्त, चेपणं जास्त. उन्हानंही फरक पडतो. एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत तापलेली काडतुसं आणि डिसेंबरच्या सकाळची थंड काडतुसं एकाच खोक्यातली असली तरी सारखी वागत नाहीत. काडतुसं सावलीत ठेवा आणि कागद एकाच वेळेला काढा.

कधी कागदावर बाकीच्या बारीक भोकांत अंगठा जाईल एवढं फाटकं भोक दिसतं, कडा आत वळलेल्या. वॅडचं असेल असं समजून सोडून देऊ नका. वॅडचं भोक असेल तर वॅड जवळपास पडलेला सापडतो आणि चाळीस यार्डांवर तो सहसा कागद भेदत नाही. असं भोक बरेचदा एकमेकांना चिकटलेल्या छर्ऱ्यांच्या गोळ्याचं असतं. सुट्या छर्ऱ्यापेक्षा तो गोळा कितीतरी लांब जातो. जुन्या, ओल लागलेल्या काडतुसांत हे दिसलं की तो खोका बंद करून जमा करायचा.

एलजी आणि एसजी, म्हणजे मोठ्या दाण्यांच्या काडतुसांचं, वेगळं. औंसाला एलजीचे सहा, एसजीचे आठ दाणे. तिथं टक्केवारी काढायला काही अर्थ नाही. दहा आणि पंधरा मीटरवर कागद लावा आणि सगळे दाणे किती रुंदीत आले, एखादा बाजूला पळाला का, एवढंच बघा. घराच्या संरक्षणासाठी दुनळी ठेवणाऱ्यानं तरी हे बघायलाच हवं, कारण पळालेला दाणा शेजाऱ्याच्या भिंतीत जातो. एसजीचा दाणा साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हे काम उंच बट असलेल्या रेंजशिवाय नकोच. जवळच्या अंतराचा अंदाज हवा असेल तर बारीक छर्ऱ्यांचा घोळका २० यार्डांवर सिलिंडर नळीतून साधारण ३२ इंच पसरतो, फुल चोकमधून १६ इंच.

बार नेमका कुठं बसतो हे बघायला १६ यार्ड, म्हणजे १४.६ मीटर पुरे. इथं नेम धरून बसायचं नाही. डोळे ठिपक्यावर, बंदूक खांद्याला आली की बार. चार-पाच बार एकाच कागदावर चालतील. घोळक्याचा मध्य ठिपक्यापासून एक इंच बाजूला असेल तर दस्त्यात, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागात, एक सोळांश इंचाचा बदल लागतो, हा जुन्या इंग्लिश कारागिरांचा हिशेब आहे आणि तो जमतो. वडिलांची बंदूक मुलाला, मामाची भाच्याला, अशी आपल्याकडं बंदूक फिरते. दस्ता मात्र पहिल्या मालकाच्या हाताच्या मापाचा राहतो. बदल स्वतः कानशीनं करायला जाऊ नका, अक्रोडाचा दस्ता परत वाढत नाही.

पाटणकडं पावसात भिंतीला हात लावला तरी ओलावा लागतो. काडतुसं त्या भिंतीतल्या फडताळात ठेवू नका, चुलीजवळच्या कोनाड्यातही नको. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, डबा कुलपात. पावसाळा संपल्यावर एकेक हातात घेऊन बघायचं: बुडाच्या पितळेवर हिरवट बुरशी, फुगलेलं टरफल, टोपीभोवती काळपट डाग. यातलं एकही दिसलं तर ते काडतूस वेगळं. कागदी टरफलाचं असेल तर चेंबरात अडकतंय का तेही बंदूक खाली धरून बघा.

रेंजवरून निघताना प्लास्टिकचे वॅड वेचून घ्या. शेळ्या ते खातात. शिसं हाताला लागलेलं असतं, हात साबणानं धुतल्याशिवाय भजी, चहा, तंबाखू काही नाही. पाण्याच्या दिशेनं कधीच बार नाही, तळात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि मरतात. नळीत प्लास्टिकचा आणि शिशाचा थर बसतो, त्याच दिवशी ब्रशनं काढा. थर बसलेल्या नळीचा पुढचा कागद पहिल्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

कागदांच्या गुंडाळ्या करून वर नळी आणि काडतूस लिहून ठेवा. वहीत फक्त सरासरी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त. उडवलेल्या काडतुसांची नोंद परवान्याच्या हिशेबाशी जुळायला हवी, रेंजवरच जुळवा. आणि नवीन खोका आणला की आधी लॉट नंबर बघा. वेगळा असेल तर नाव तेच असलं तरी पुन्हा कागद लावायचे.